हान्ही, हंस आणि लिव्होनियन किनारा: बाल्टिक आणि फिनिक भाषांचा शेजार

उत्तरवारा (धागाकर्ती)

फिनिश भाषेत हंसाला 'हान्ही' म्हणतात, एस्टोनियनमध्ये 'हानी'. वाचताक्षणी मराठी माणसाला ओळखीचं वाटावं असा शब्द. पण फिनिश आणि एस्टोनियन आपल्या इंडो-युरोपियन कुळातल्या भाषा नाहीत. त्या उराली कुळातल्या, हंगेरियनच्या दूरच्या नात्यातल्या. मग हंस तिथे पोचला कसा?

शेजाऱ्याकडून. बाल्टिक समुद्राच्या पूर्वेला लिथुएनियन आणि लाटवियन या बाल्टिक भाषा बोलतात आणि त्या मात्र आपल्या कुळातल्या. लिथुएनियनमध्ये हंस म्हणजे 'झासिस'. जुन्या उच्चारात 'झा'नंतर अनुस्वार होता. लिहिताना तिथल्या 'आ'ला खाली शेपटीसारखी खूण अजूनही काढतात. फिनिश लोकांच्या पूर्वजांनी हा शब्द उचलला तेव्हा त्यांच्या बोलीत 'झ' नव्हता, म्हणून तो 'शान्शी' झाला. पुढे त्यांच्या भाषेत जुन्या 'श'चा सरसकट 'ह' झाला आणि 'हान्ही' तयार झाला. संस्कृत 'हंस'मधला 'ह' याच्याशी संबंध नसलेल्या वेगळ्या वाटेने आलेला आहे. मूळ एक, पण दोन्हीकडे 'ह' असणं हा योगायोग.

हा 'श'चा 'ह' होण्याचा नियम मला फार आवडतो, कारण तो घड्याळासारखा वापरता येतो. लिथुएनियन 'शिएनस' (गवत) आणि फिनिश 'हेइना', 'झिर्निस' (वाटाणा) आणि 'हेर्ने', 'शाल्ना' (दहिवर गोठून पडतं ते) आणि 'हाल्ला', 'शेइमा' (कुटुंब) आणि 'हेइमो' (टोळी, जमात). हे सगळे शब्द बदल होण्याआधी घेतलेले, म्हणून त्यांच्यात 'ह' आहे. लिथुएनियन 'काउशस' म्हणजे लाकडी पळी किंवा वाडगा. त्याचा फिनिशमध्ये 'काउहा' झाला, म्हणजे तो जुना. एस्टोनियनमध्ये मात्र वाडग्याला 'काउस्स' म्हणतात. तो बऱ्याच उशिरा लाटवियनमधून आला, म्हणून त्याच्या 'स'ला काही झालं नाही. एकच शब्द दोनदा उसना घेतला गेला, मध्ये कितीतरी शतकं गेली, आणि हे कुठल्याही ताम्रपटावाचून नुसत्या उच्चारावरून कळतं.

असे बाल्टिकमधून फिनिक भाषांत (म्हणजे फिनिश, एस्टोनियन आणि त्यांच्या जवळच्या बहिणी) गेलेले शब्द सुमारे २०० मानतात. त्यात शेतीचे आहेत: बी, नांगराचं तास, कुळव. जनावरांचे आहेत: मेंढा, बोकड. 'किर्वेस' (कुऱ्हाड) लिथुएनियन 'किर्विस'वरून, 'सिल्ता' (पूल) 'तिल्तस'वरून. गावाने मिळून सावडीने करायच्या कामाला लिथुएनिया आणि लाटवियात 'ताल्का' म्हणतात, फिनलंडमध्ये 'ताल्कोत'. हे शब्द समजण्यासारखे आहेत. नवी वस्तू किंवा नवी रीत आली की तिचं नावही सोबत येतं.

खरं आश्चर्य पुढे आहे. फिनिशमध्ये दाताला 'हाम्मास' म्हणतात आणि तो शब्द उसना आहे. लाटवियन 'जुओब्स' (दात), लिथुएनियन 'झाम्बस' (धार, टोक), संस्कृत 'जम्भ' ही त्याची नातलग मंडळी. मान म्हणजे 'काउला', लिथुएनियन 'काक्लस'वरून. मुलगी म्हणजे 'त्युतार', लिथुएनियन 'दुक्ते'वरून, आणि आपल्याकडे दुहिता. बहीण म्हणजे 'सिसार', लिथुएनियन 'सेसुओ', षष्ठीत 'सेसेर्स', आणि आपल्याकडे स्वसृ. नवरी म्हणजे 'मोर्सियान', लिथुएनियन 'मार्ती' (सून) हिच्या नात्यातला.

दात, मान, मुलगी, बहीण, नवरी. या गोष्टी कुठल्या व्यापाऱ्याने गलबतातून आणल्या नाहीत. कुठल्याही भाषेत यांना आधीपासून शब्द असतातच. तरीही ते बदलले, ते घरात दोन भाषा बोलल्या जात होत्या म्हणून. बहुतेक अभ्यासकांचा अंदाज असा की साधारण अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी फिनिक आणि बाल्टिक लोक एकमेकांत मिसळून राहत होते, त्यांच्यात सोयरिकी होत होत्या आणि बाल्टिक आयांच्या हाताखाली फिनिक बोलणारी मुलं वाढत होती. त्या काळचा एकही लिखित शब्द आपल्याकडे नाही. राज्यं आणि लढाया नाहीशा झाल्या, पण घरातलं बोलणं टिकलं.

याचा पद्धतशीर अभ्यास डेन्मार्कच्या विल्हेल्म थॉमसेन यांनी केला. फिनिक आणि बाल्टिक भाषांच्या संपर्कावरचं त्यांचं पुस्तक १८९० साली निघालं. मंगोलियातले ओरखोन शिलालेख १८९३ साली उलगडले तेही यांनीच.

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. लाटवियनमध्ये 'पुइका' (मुलगा), 'माया' (घर), 'लाइवा' (होडी), 'सेने' (अळंबी), 'काजास' (लग्न), 'माक्सात' (पैसे देणं) आणि 'वायाग' (हवं, लागतं) हे शब्द फिनिक आहेत आणि त्यातले बहुतेक लिव्होनियन भाषेतून आले. लिव्होनियन ही लाटवियाच्या किनाऱ्यावरची फिनिक भाषा. तिच्याबद्दल प्रतिसादांत लिहीन, कारण मला सगळ्यात जास्त तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

---

पाणंद

फार छान लिहिलंय. बहीण-मुलीचे शब्द उसने कसे असतील असं कुणाला वाटत असेल तर आपल्या अण्णा-अक्कांकडे बघावं. दोन्ही कन्नडच्या बाजूचे. सोलापूर, कोल्हापूर, सांगलीत थोरल्या बहिणीला अक्का म्हणताना हा परक्या कुळातला शब्द आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. फिनिश माणसालाही 'सिसार' म्हणताना येत नसणार.

---

वेदांग

दुहिता, स्वसा, हंस, जम्भ. एवढे शब्द दिसल्यावर हे सगळं संस्कृतातून तिकडे गेलं असं सरळ म्हणायला काय हरकत आहे? लिथुएनियन ही संस्कृतच्या सर्वांत जवळची भाषा आहे असं लहानपणापासून ऐकत आलोय.

---

उत्तरवारा

वेदांग, हरकत आहे, कारण त्याने खरी गोष्ट हातातून निसटते. लिथुएनियन जुनी रूपं जपण्यात चिवट आहे. सात विभक्त्या, नामांचे '-अस' अंत, द्विवचनाच्या खुणा, हे सगळं तिच्यात सापडतं. पण ती संस्कृतची लेक नाही, दोघी एकाच घरच्या चुलतबहिणी. 'दुहितृ' आणि 'दुक्ते' या दोघींचं मूळ दोघींच्याही आधीचं. फिनिश 'त्युतार'च्या मधोमध पूर्वी 'क्त' होतं असं मानतात. ते लिथुएनियन 'दुक्ते'शी जुळतं, 'दुहिता'शी नाही. म्हणून हा शब्द बाल्टिककडून आला असं म्हणतात.

पण तुम्ही म्हणताय त्यात एक फार महत्त्वाचा धागा आहे. फिनिशमध्ये आपल्या बाजूने आलेल्या शब्दांचाही एक थर आहे आणि तो बाल्टिक थरापेक्षा जुना आहे. शंभर म्हणजे 'साता' (शत). हातोडा म्हणजे 'वासारा' (वज्र). मध म्हणजे 'मेसी' (मधु). 'साता' हा बाल्टिक असता तर लिथुएनियन 'शिम्तस'सारखा दिसला असता, त्यात 'म' असता. तो नाही, आणि 'म' गळून 'अ' उरणं ही इंडो-इराणी खूण. संस्कृत आणि अवेस्ता (जुनी इराणी भाषा) या दोघींची पूर्वज असलेली बोली जे लोक बोलत होते ते उरल पर्वताच्या दक्षिणेला गवताळ मैदानांत राहत होते आणि त्यांच्या उत्तरेच्या जंगलात उराली बोलणारे होते. देवाणघेवाण तिथे झाली. म्हणजे हे शब्द भारतातून फिनलंडला गेले नाहीत. त्यांची एक शाखा दक्षिणेला येऊन आपल्याकडे पोचली, दुसरी जंगलवाल्यांच्या तोंडी बसून बाल्टिक समुद्रापर्यंत गेली.

---

ध्वनिवेध

यात भर. काही शब्द कुठल्या थरातले यावर अजून वाद आहे आणि तो वाद वाचण्यासारखा आहे. फिनिश 'ताइवास' म्हणजे आकाश. लिथुएनियन 'दिएवास' म्हणजे देव, त्याचं जुनं बाल्टिक रूप 'देइवस'. तिथून आला की इंडो-इराणी 'दैव'वरून आला? दोन्ही बाजूंना जाणकार आहेत. अर्थाकडे पाहिलं तर दोन्हींचं मूळ तेजस्वी आकाशाशीच जोडलेलं आहे, त्यामुळे अर्थावरून निवाडा होत नाही.

दुसरा शब्द 'पेर्केले'. फिनलंडमध्ये आज ही सणसणीत शिवी आहे. तिचं मूळ बाल्टिक मेघगर्जनेच्या देवाच्या, 'पेर्कूनस'च्या, नावात असल्याचं बऱ्याच जणांचं मत आहे. ख्रिस्ती धर्म आला आणि जुन्या देवाचं नाव सैतानाकडे गेलं. वेदांग, 'पर्जन्य'शी नातं लावायचा मोह तुम्हाला होईलच. अनेकांना झालाय, पण ध्वनिनियमांत ते चोख बसत नाही.

---

दौगावा_काठी

मी रीगात शिकते. इथे भारतीय विद्यार्थी बरेच आहेत आणि कॉलेजात सगळं इंग्रजीत चालतं, त्यामुळे लाटवियन शिकायची सक्ती अशी नाही. मी हौसेने शिकतेय आणि वर्गातल्या स्पॅनिश-फ्रेंच मुलांपेक्षा मला काही गोष्टी पटकन जमतात.

लाटवियनमध्ये 'माझ्याजवळ अमुक आहे' यासाठी वेगळं क्रियापदच नाही. 'मान इर ब्रालिस', म्हणजे अक्षरशः 'मला भाऊ आहे'. 'मान पातीक', मला आवडतं. 'मान याइएत', मला जायला हवं. जिथे आपण 'मला' म्हणतो तिथे तेही 'मान' म्हणतात. शिक्षिका हे समजावत होत्या तेव्हा बाकीच्यांच्या कपाळावर आठ्या आणि मी मात्र आरामात.

दुसरं म्हणजे ऐकीव गोष्ट सांगायचं रूप. 'विन्श इर स्लिम्स', तो आजारी आहे. 'विन्श एसुओत स्लिम्स', तो आजारी आहे म्हणे. आपण 'म्हणे' हा वेगळा शब्द जोडतो, इथे क्रियापदाचं रूपच बदलतं.

प्रश्न: हे लिव्होनियनकडून आलं का? आणि शब्दातल्या पहिल्या अक्षरावर जोर देतात तेही?

---

उत्तरवारा

दौगावा_काठी, तीनही मुद्दे नेमके आहेत. एकेक घेते.

जोर. लिथुएनियनमध्ये शब्दातला आघात कुठेही पडू शकतो, विभक्तीगणिक जागा बदलतो, आणि शिकणारे रडकुंडीला येतात. लाटवियनमध्ये तो पहिल्या अवयवावर (म्हणजे अक्षरावर) पक्का बसला. 'पाल्दिएस' (धन्यवाद) आणि 'लाब्दिएन' (नमस्कार) असे मोजके अपवाद तू रोज ऐकत असशील. सगळ्या फिनिक भाषांत आघात पहिल्या अवयवावर असतो. दोन सख्ख्या बहिणींपैकी एकच बदलली, आणि तीच जी फिनिक लोकांच्या शेजारात राहिली. लाटवियन बोलू लागलेल्या लिव्होनियनांनी ही सवय सोबत आणली हे स्पष्टीकरण बहुतेकांना मान्य आहे.

'मान इर'. इथे जरा जपून. लिथुएनियनमध्ये 'असणं, बाळगणं' यासाठी 'तुरेती' हे वेगळं क्रियापद आहे, लाटवियनमध्ये नाही. फिनिकमध्येही नाही: फिनिश 'मिनुल्ला ओन' म्हणजे साधारण 'माझ्यापाशी आहे'. रशियनचंही तेच. पण चतुर्थीची अशी रचना जुन्या इंडो-युरोपियन भाषांतही होती, त्यामुळे लाटवियनने ती उसनी घेतली असं म्हणण्यापेक्षा शेजारामुळे ती टिकून राहिली असं म्हणणं मला जास्त पटतं.

'म्हणे'चं रूप. हे मला या सगळ्या प्रदेशाचं सर्वांत सुंदर वैशिष्ट्य वाटतं. एस्टोनियन 'ता ओलेवात हाइगे', लाटवियन 'विन्श एसुओत स्लिम्स', दोन्हींचा अर्थ तो आजारी आहे म्हणे. लिव्होनियनमध्ये असं रूप आहे, लिथुएनियनमध्ये कृदन्ताने हेच साधतात. पण फिनिशमध्ये नाही आणि रशियनमध्येही नाही. म्हणजे एस्टोनियन या बाबतीत आपल्या सख्ख्या बहिणीला सोडून शेजारणीसोबत गेली. आधी कोणाकडे होतं यावर एकमत नाही. माझ्या मते तो प्रश्न तितका महत्त्वाचाही नाही. दोन्ही भाषा रोज बोलणारे लोक होते, ते सांगोवांगीच्या आणि डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीत फरक करत होते आणि कुठल्याही भाषेत बोलताना तो फरक त्यांना हवा होता.

---

तिठा

आणि खुद्द लिव्होनियन? तिच्यावर लाटवियनचा परिणाम झाला नाही का? आणि ती संपली कशी?

---

उत्तरवारा

तिठा, याचीच वाट पाहत होते.

परिणाम फार खोलवर झाला. फिनिक भाषांना उपसर्ग लावायची सवय नाही, त्या सगळं काम प्रत्ययांवर भागवतात. लिव्होनियनने मात्र लाटवियनचे 'आइझ', 'पिए', 'नुओ' असे उपसर्ग उचलले आणि आपल्या क्रियापदांना लावले. हे नुसते शब्द घेणं नव्हे, ही भाषेची हाडं बदलणं आहे. इतर फिनिक भाषांत नसलेली स्वतंत्र चतुर्थी तिच्यात तयार झाली. लाटवियन 'मान इर' तशी लिव्होनियन 'मिन्नन उम'. प्रत्ययाचा माल फिनिकच, पण बेत लाटवियन.

आणि तिच्या उच्चारात एक खास सूर आहे. लाटवियनमध्ये काही अवयव उच्चारताना गळ्यात क्षणभर अडखळ येते, आवाज मधोमध तुटल्यासारखा होतो. फिनिक भाषांपैकी फक्त लिव्होनियनमध्ये हे आहे. ते प्रथम नोंदवलं थॉमसेन यांनी, त्याच १८९० च्या पुस्तकात. ते डॅनिश होते आणि डॅनिशमध्येही असाच तुटका सूर आहे, म्हणून इतरांच्या कानावरून गेलं ते त्यांना चटकन ऐकू आलं.

उलट दिशेने, उत्तर कुर्झेमे (लाटवियाचा पश्चिम प्रांत) आणि विद्झेमेच्या (ईशान्येकडचा प्रांत) किनाऱ्याकडच्या लाटवियन बोलीला आजही लिव्होनियन बोली असंच म्हणतात. तिथे शब्दांचे शेवटचे ऱ्हस्व स्वर गळतात आणि स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा भेद ढिला पडून पुल्लिंगच सर्रास वापरलं जातं. फिनिक भाषांना लिंगभेद नाही. फिनिशमध्ये तो आणि ती दोघांना एकच 'हान'. लिंगभेद नसलेली भाषा घरी बोलणारे लोक लिंगभेद असलेली भाषा शिकले, की असं होतं.

आता संपण्याबद्दल. १२०१ साली बिशप आल्बर्टने रीगा वसवलं ते लिव्होनियनांच्या मुलखात. जर्मन धर्मयोद्ध्यांनी जिंकलेल्या साऱ्या प्रदेशाला लिव्होनिया हे नावही याच लोकांवरून पडलं. पण नाव पसरत गेलं आणि भाषा आकसत गेली. विद्झेमेच्या बाजूला, सालात्सा नदीकाठी, ती एकोणिसाव्या शतकात संपली. उरली कुर्झेमेच्या उत्तर टोकाला, मच्छीमारांच्या १२ गावांत. १८४६ आणि १८५२ मध्ये सेंट पीटर्सबर्ग अकादमीचे शोग्रेन तिथे गेले. त्यांनी जमवलेल्या साहित्यावरून वीडेमान यांनी १८६१ साली व्याकरण आणि कोश प्रसिद्ध केला.

१९२३ साली लिव्होनियनांनी आपली संघटना काढली आणि झेंडा ठरवला: हिरवा, पांढरा, निळा. होडीतून किनाऱ्याकडे पाहिलं की वर जंगल, मध्ये वाळू, खाली पाणी. १९३९ साली माझिर्बे गावात समाजगृह उभं राहिलं, त्याला फिनलंड, एस्टोनिया आणि हंगेरी या भाषाभगिनींच्या देशांनी मदत केली. आणि लगेच महायुद्ध आलं. सोव्हिएत राजवटीत हा किनारा म्हणजे पश्चिमेची सरहद्द, म्हणून तिथे लष्करी निर्बंध लागले. समुद्रावर मनासारखं जाता येईना, मासेमारी तुटली, तरुण माणसं शहरांकडे गेली. कोळ्यांच्या गावातून समुद्र काढून घेतल्यावर गाव राहत नाही, आणि गाव गेलं की गावात बोलायची भाषाही जाते. लिव्होनियन दुबळी होती म्हणून गेली असं कुणी लिहितं तेव्हा मला राग येतो. ७०० वर्षं परकी सत्ता अंगावर झेलून ती टिकली होती.

घरात मातृभाषा म्हणून लिव्होनियन शिकलेल्या पिढीतल्या ग्रिझेल्दा क्रिस्टिन २०१३ च्या जूनमध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी, कॅनडात वारल्या. युद्धात त्या स्वीडनला आणि तिथून कॅनडाला गेल्या होत्या. आज ती शिकलेले, तिच्यात कविता लिहिणारे लोक आहेत. २०१८ पासून लाटविया विद्यापीठात लिव्होनियन संस्था आहे.

---

पाणंद

हे वाचून कुपवाड आठवलं. सांगलीजवळचं हे गाव भाषाशास्त्रात जगप्रसिद्ध आहे. गम्पर्झ आणि विल्सन यांचा १९७१ चा अभ्यास. तिथे मराठी, कन्नड आणि उर्दू शतकानुशतकं शेजारी नांदल्या आणि त्यांची वाक्यरचना इतकी सारखी झाली की एका भाषेतलं वाक्य शब्दागणिक शब्द ठेवून दुसरीत नेता येतं. पण शब्द मात्र ज्याचे त्याचेच राहिले. बाल्टिककडे शब्दही गेले आणि व्याकरणही गेलं. फरक का असावा?

---

ध्वनिवेध

पाणंद, उत्तर तिथल्याच अभ्यासात आहे. कुपवाडमध्ये घरची भाषा ही जातीची आणि धर्माची ओळख होती आणि लग्नं त्या रेषेपलीकडे होत नव्हती. बाजारात, शेतात, पारावर रोजचं बोलणं चाले, म्हणून रचना एक झाली. शब्दांवरून माणूस कुठल्या घरचा ते कळे, म्हणून शब्द वेगळे राखले गेले. उत्तर युरोपात त्या काळी सून दुसऱ्या भाषेतून आली असणार, नाहीतर 'मोर्सियान' आणि 'त्युतार' गेले नसते.

---

शीड

शेजाऱ्यांना काय म्हणतात तेही पाहा. लाटवियन लोक रशियनांना 'क्रिएवी' म्हणतात, सरहद्दीपलीकडच्या क्रिविची या जुन्या स्लाव्ह टोळीवरून. एस्टोनियनांना 'इगाउनी', दक्षिण एस्टोनियातल्या उगांडी प्रांतावरून. फिनिशमध्ये जर्मनीला 'साक्सा', सॅक्सन लोकांवरून. म्हणजे जो गट आधी भेटला त्याचं नाव अख्ख्या देशाला.

आणि एक शब्द राहिला. पुस्तकाला एस्टोनियनमध्ये 'रामात', लाटवियनमध्ये 'ग्रामाता', आणि फिनिशमध्ये 'रामात्तु' म्हणजे बायबल. तिघांकडेही तो पूर्वेकडच्या स्लाव्ह शेजाऱ्यांच्या 'ग्रामोता'वरून आला, मूळ ग्रीक. फिनिशमध्ये क्रूस ('रिस्ती') आणि पाद्री ('पाप्पी') हेही पूर्वेकडूनच. पुढे फिनलंड स्वीडिश राज्यात आणि रोमच्या चर्चमध्ये गेलं तरी हे पहिले शब्द बदलले नाहीत.

---

दौगावा_काठी

उत्तरवारा, माझिर्बेला दरवर्षी ऑगस्टमध्ये लिव्होनियन उत्सव असतो असं आमच्या शिक्षिका म्हणाल्या. रीगातून कसं जायचं?

---

उत्तरवारा

हो, ऑगस्टच्या सुरुवातीच्या शनिवारी. आधी रीगाहून ताल्सी किंवा वेन्त्सपिल्स गाठावं लागतं. पुढे बस कमी असतात, म्हणून कुणाची गाडी मिळाली तर उत्तम. गावाच्या पाट्या लाटवियन आणि लिव्होनियन दोन्हींत दिसतील, माझिर्बेच्या खाली 'इरे'. समाजगृहाच्या अंगणात लोकनृत्यं आणि गाणी होतात, नंतर सगळे मिळून समुद्रावर जातात. तिथल्या म्हाताऱ्यांशी तू जेवढं येतं तेवढं लाटवियन बोल. पहिल्या अक्षरावर जोर देऊन.